मोटारीच्या उंबरठ्यांतला गंज

लोखंडाला गंज चढतो ही गोष्ट विहिरीवरच्या पोहऱ्यापासून खिडकीच्या गजांपर्यंत सर्वांच्या नित्य परिचयाची आहे. घरांतल्या विळीच्या पात्यावर तांबूस डाग पडला तर राखेनें घासून काम भागतें. परंतु एखाद्या मोटारीचा सारा भार ज्या पत्र्यावर तोललेला असतो, तो पत्रा आंतल्या बाजूनें कुजूं लागला आणि बाहेरचा रंग मात्र आरशासारखा चकचकीत राहिला, तर तो गंज घासून जाणारा नसतो. कित्येकदां तो दिसतही नाहीं. असा लपलेला गंज कसा ओळखावा आणि तो काढून गाडी पुन्हां भरंवशाची कशी करावी, हें समजण्यास इंग्लंडांतील एम. जी. बी. या स्पोर्ट्स मोटारीसारखें दुसरें सोयीचें उदाहरण नाहीं.

ऑक्सफर्डनजीक अ‍ॅबिंग्डन या गांवीं ही गाडी तयार होत असे. सिड एनेव्हर या अभियंत्याच्या देखरेखीखालीं तिची आंखणी झाली, १९६२ सालीं ती विक्रीस आली, १९६५ पासून तिचा छपराचा प्रकारही निघाला, आणि १९८० सालीं कारखाना बंद होईपर्यंत दोन्ही मिळून पांच लाखांवर गाड्या तेथून बाहेर पडल्या. यंत्र साधें, सुटे भाग मुबलक, आणि दुरुस्ती हौशी माणसाला आपल्या अंगणांत करतां येण्याजोगी. यामुळें ती आजही पुष्कळ घरांत जिवापाड सांभाळली जाते. तिच्या यंत्रानें धनी सहसा हवालदील होत नाहीं. त्याची झोप उडते ती पत्र्यामुळें.

याचें कारण तिच्या बांधणींत आहे. तिच्या आधींची एम. जी. ए. जुन्या पद्धतीची होती. खालीं पोलादी तुळयांचा स्वतंत्र सांगाडा आणि त्यावर बसविलेला पत्र्याचा देह; बैलगाडीच्या साटीवर करंडा ठेवावा तसा. करंडा कुजला तरी साटी शाबूत राहते. एम. जी. बी. मध्यें हा भेदच काढून टाकण्यांत आला. सुमारें एक मिलिमीटर जाडीचे पत्रे दाबून, वाकवून, एकमेकांस ठिपक्याठिपक्यांनीं वेल्ड करून जी पेटी होते, तोच गाडीचा देह आणि तोच तिचा सांगाडा. अशी पेटी हलकी आणि ताठ असते, परंतु तिच्यांतला कोणता पत्रा केवळ शोभेचा आणि कोणता भार वाहणारा, हें वरवर पाहून कळत नाहीं.

आगपेटीचा आंतला उघडा खण दोन्ही टोकांना धरून पिळला तर तो सहज मुरडतो. त्यावर बाहेरचें वेष्टण चढविलें कीं तो मुरडेनासा होतो. उघड्या मोटारीला छप्पर नाहीं, म्हणजे हें वेष्टणच नाहीं. शिवाय दोन्ही बाजूंस दारांसाठीं मोठ्या खिंडी पाडलेल्या. मग पुढचीं चाकें आणि मागचीं चाकें यांना एका रेषेंत धरून ठेवतो कोण? मधला बोगदा, ज्यांत गियरबॉक्स आणि मागें जाणारा दांडा असतो, तो थोडा हातभार लावतो. मुख्य काम करतात ते दारांखालचे दोन उंबरठे. इंग्रज कारागीर त्यांस ‘सिल’ म्हणतात. उंबरठा हा शब्द त्यांना अगदीं चपखल बसतो, कारण गाडींत शिरतांना पाय त्यांवरूनच टाकावा लागतो.

हा उंबरठा एका पत्र्याचा नसतो. बाहेरचा गोलसर पत्रा, मध्यें उभा पडदा, आंतल्या बाजूस तिसरा पत्रा, आणि त्याच्या तळाशीं जमिनीच्या कडेला लागून एक पन्हळीसारखी पट्टी, जिला ‘कॅसल’ असें नांव आहे. हीं सर्व मिळून एक बंद नळी होते. रस्त्यावरून दिसतो तो फक्त बाहेरचा पत्रा, आणि त्यालाच रंगाचा सारा मान मिळतो. जोर मात्र तिन्ही पत्रे मिळून धरतात.

आतां गंजाकडे वळावयाचें. लोखंड, पाणी आणि हवेंतला प्राणवायु हे तिघे एकत्र आल्यावांचून गंज होत नाहीं. कोरड्या हवेंत लोखंड वर्षानुवर्षें तसेंच राहतें. पाण्यांत मीठ मिसळलें कीं हीच क्रिया झपाट्यानें चालते, कारण गंज ही मूळची विजेची क्रिया आहे आणि खारें पाणी विजेला वाट देतें. मुंबईच्या किनाऱ्यावर खिडक्यांचे गज पुण्यापेक्षां लौकर कां झडतात, याचें उत्तर यांतच आहे. इंग्लंडांत समुद्र दूर असला तरी हिंवाळ्यांत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि तें चिखलांतून गाडीच्या पोटाला जाऊन बसतें. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उघड्यावर उभा असूनही फारसा गंजला नाहीं, याचें नवल सर्वांना वाटतें. त्याच्या लोखंडांत स्फुरदाचा अंश अधिक असल्यामुळें अंगावर एक संरक्षक थर धरला, हें त्याचें मुख्य कारण शास्त्रज्ञ देतात. मोटारीच्या पत्र्याला असें भाग्य नाहीं.

गंजाची आणखी एक खोड आहे. तो मूळच्या लोखंडापेक्षां किती तरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या सांध्यांत तो शिरला म्हणजे भिंतीच्या भेगेंत पिंपळ वाढावा तसा फुगत जातो, पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो, वेल्डिंगचे ठिपके फोडतो आणि पाण्याला आंत जाण्यास अधिक वाट करून देतो.

एम. जी. बी. मध्यें पाणी कोठून शिरतें, तें ठरून गेल्यासारखें आहे. पुढच्या चाकाच्या मागें, मडगार्डाच्या आंत, एक आडवा पत्रा रबरी पट्टीसह बसविलेला असतो. चाकानें उडविलेला चिखल अडावा हा त्याचा हेतु. पट्टी सडली कीं चिखल तिच्यामागें सांचतो आणि उंबरठ्याच्या पुढच्या टोकाशीं बारमास ओला पोटीस बांधल्यासारखा बसून राहतो. कांचेपुढील जाळींतून हवेबरोबर पाणीही आंत येतें. त्याला निचरा म्हणून बोगद्यांत उतरणारी एक रबरी नळी आहे. झाडाचीं पानें अडकून ती बुजली कीं पाणी बसणाऱ्याच्या पायांखालीं गालिच्यांत मुरतें. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बैठकांमागें जमिनीखालच्या पेट्यांत असत, आणि त्यांतून सांडलेल्या तेजाबानें त्या पेट्या खाल्ल्या जात. पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाला खालून चिकटलेली असल्यामुळें तिच्या माथ्यावरच्या फटींत चिखल बसतो. टाकी गळते ती बुडाशीं नव्हे, माथ्याशीं. ज्या गाड्या अमेरिकेंतील कोरड्या प्रांतांत गेल्या त्यांचें कातडें आणि रबर उन्हानें फाटून गेलें, पण उंबरठे ठणठणीत राहिले. अशा गाड्या पुढें इंग्लंडांत परत आणण्याचा एक व्यापारच निघाला, यावरून पत्र्याचें मोल ध्यानीं येईल.

तपासणीस लागणारें साहित्य थोडें आहे: एक चांगली विजेची बत्ती, लहान हातोडी, बोथट पेंचकस आणि फडक्यांत गुंडाळलेला लोहचुंबक. जुने कपडेही हवेत, कारण ज्याला गाडीखालीं उताणें पडावयाचें नसेल त्यानें जुनी मोटार घेण्याच्या भानगडींत पडूं नये.

गाडीला हात लावण्यापूर्वीं दहा पावलें दूर उभें राहून दारांभोंवतींची फट पाहावी. ती वरपासून खालपर्यंत सारखी असली पाहिजे. दाराच्या मागच्या कडेची फट वरच्या बाजूस मिटत आली असेल आणि खालीं रुंदावली असेल, तर गाडी मध्यें खचूं लागली आहे असें समजावें. मग जॅक लावण्याच्या ठरलेल्या जागीं उंबरठ्याखालीं जॅक देऊन गाडी सावकाश उचलावी आणि दार उघडून पाहावें. एरव्हीं मोकळें फिरणारें दार आतां अडूं लागलें, किंवा फट डोळ्यांदेखत बदलली, तर उंबरठ्यांत जीव राहिलेला नाहीं. कधीं कधीं जॅकच पापड मोडल्यासारखा आवाज करून आंत शिरतो. तेव्हां पुढची परीक्षा घेण्याचें कारण उरत नाहीं.

त्यानंतर लोहचुंबक उंबरठ्याच्या खालच्या अंगावरून हळूहळू फिरवावा. खऱ्या पत्र्यावर तो सर्वत्र सारखा ओढला जातो. रंगारी खड्ड्यांत भरतात ती लांबी, किंवा कांचतंतूंचें कापड राळेंत बुडवून केलेला थर, यांना चुंबक धरीत नाहीं. जेथें ओढ एकदम मंदावते तेथें खडूनें खूण करावी. मग हातोडीनें हलकेंच वाजवावें. शाबूत पत्रा खणखणतो, कुजलेला किंवा भरलेला पत्रा ओल्या मडक्यासारखा बद्द वाजतो. शेवटीं पेंचकसानें दाबून पाहावें. मात्र गाडी दुसऱ्याची असेल तर आधीं परवानगी घ्यावी, आणि भोंसकूं नये, नुसतें दाबावें. रंगावर मसुरीएवढे फोड दिसले तर ते गंजाची सुरुवात नव्हेत. आंतून निघालेला गंज पत्रा पोखरून बाहेर आला, त्याची ती अखेर असते.

आंतले गालिचे उचलून जमिनीच्या कडा पाहाव्या, हातानें ओल चांचपावी, वास घ्यावा. खालून पाहतांना कॅसलची पट्टी तिच्या पूर्ण लांबीभर तपासावी. पुष्कळ दुरुस्त्यांत बाहेरचा उंबरठा नवा बसवितात आणि ही पट्टी तशीच कुजकी ठेवतात. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा पुढच्या टोकाशीं ज्या पकडीला अडकतात ती जागा उंबरठ्याच्या शेवटाजवळ आहे. तेथें बोट शिरण्याएवढें भोंक असेल तर गाडी रस्त्यावर आणणेंच गैर होय. ती पकड निसटली तर मागचा सारा आंस तिरका होतो, आणि हें घडण्याची वेळ बहुधा जोरानें ब्रेक लावल्याची असते.

या तपासणीला सांप्रत एक निराळें महत्त्व आलें आहे. इंग्लंडांत जुन्या गाड्यांची सक्तीची वार्षिक परीक्षा १९६० सालीं सुरू झाली. स्प्रिंगा, स्टिअरिंग, ब्रेक आणि बसणाऱ्यांचे पट्टे यांच्या पकडींपासून ३० सेंटिमीटरच्या आंत पत्रा कुजका आढळला तर परीक्षक गाडी नापास करतो. परंतु मे २०१८ पासून, ज्यांच्यांत मोठे फेरफार केलेले नाहींत अशा चाळीस वर्षांवरील गाड्यांना या परीक्षेंतून सूट मिळाली. एम. जी. बी. चें शेवटचें वय आतां चाळिशीपलीकडे गेलें आहे. म्हणजे ज्या गाड्यांचे उंबरठे सर्वांत जुने, त्यांनाच कोणी बळेंबळें खालून पाहणारा उरला नाहीं. सूट असली तरी गाडी सुस्थितींत ठेवण्याची जबाबदारी कायद्यानें धन्यावरच आहे, आणि ज्याला वाटेल त्याला आपखुशीनें परीक्षा देतां येते. ती न देणें ही काटकसर महाग पडणारी आहे.

विकणाऱ्यांच्या युक्त्यांबद्दलही दोन शब्द सांगणें जरूर आहे. सर्वांत प्रचलित युक्ति म्हणजे खोटा उंबरठा. कुजलेल्या उंबरठ्यावरून नवा पातळ पत्रा टोपीसारखा चढवितात, कडांना चार ठिपके देतात आणि वरून रंग मारतात. आंतला गंज तसाच, शिवाय दोन पत्र्यांमध्यें ओल धरून ठेवण्याची आयती सोय. जाड काळें डांबरी लेपन ताजें दिसलें तर तेंही संशयास्पद मानावें. जुन्या डांबराला तडे जाऊन पाणी त्याखालीं शिरतें आणि बाहेर पडत नाहीं. नवें डांबर बहुधा कांहीं तरी झांकण्यासाठींच असतें.

दुरुस्ती करावयाची ठरली तर पहिली गोष्ट आगीची. पेट्रोलची टाकी गाडींतून काढून दूर न्यावी, पंप व नळ्या सोडवाव्या, बॅटरी काढावी, गालिचे व बैठका बाहेर ठेवाव्या, आणि वेल्डिंगच्या जागेभोंवतालचें डांबर खरवडून टाकावें. आग विझविण्याचें नळकांडें हाताशीं असावें आणि दुसरा मनुष्य नुसता पाहत उभा असावा. वेल्डिंग करणाऱ्याला काळ्या कांचेंतून ठिणगीखेरीज कांहीं दिसत नाहीं. दुसऱ्या बाजूस धुमसणारें डांबर पाहणाऱ्यालाच दिसतें. काम संपल्यावरही तास अर्धा तास गाडीपाशीं थांबणें इष्ट.

दुसरी गोष्ट आधाराची. उंबरठा कापणें म्हणजे गाडीचा कणा कापणें होय. गाडी सपाट पक्क्या जमिनीवर, भक्कम घोड्यांवर, पुढून व मागून अशा रीतीनें टेकवावी कीं दारांच्या फटी जशा असाव्या तशा येतील. केवळ जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखालीं कोणीही शिरूं नये. दाराच्या खिंडींत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत लोखंडी दांडे घट्ट बसवावे आणि खिंडीचीं सर्व मापें, तिरपीं धरून, कागदावर टिपून ठेवावीं. दोन्ही बाजू एकदम कधींही कापूं नयेत. एका बाजूचें काम पुरें होऊन वेल्डिंग थंड झाल्यावरच दुसरी हातीं घ्यावी. या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळें वांकड्या झालेल्या गाड्या थोड्या नाहींत. त्यांचीं दारें पुढें कधींच नीट लागत नाहींत, कारण सारा देहच वांकडा जोडला गेलेला असतो.

एम. जी. बी. चें पुढचें मडगार्ड बोल्टांनीं बसविलेलें आहे. तें सोडवून बाजूला ठेवावें. तें खोलण्याचा कंटाळा करून त्याचा खालचा कोपरा तेवढा कापणारे पुष्कळ आहेत, पण मग उंबरठ्याचें पुढचें टोक, जेथें रोग सर्वांत अधिक, तें नजरेस पडत नाहीं. मागचें मडगार्ड मात्र वेल्ड केलेलें असल्यामुळें त्याचा खालचा भाग कापावाच लागतो. मग बाहेरचा पत्रा कापून काढावा. मधला पडदा अनेकदां खालच्या दोन बोटांत जाळीसारखा झालेला आढळतो, आणि नळीच्या तळाशीं तांबड्या भुकटीचा ढीग निघतो. ती भुकटी म्हणजेच एके काळचा पत्रा. शाबूत लोखंड लागेपर्यंत कापीत जावें. अर्धवट कुजलेल्या पत्र्याच्या कडेला केलेलें वेल्डिंग तेथल्या तेथें जळून भोंक पडतें, म्हणून या बाबतींत दयामाया दाखविण्यांत हशील नाहीं.

जोडण्याचा क्रम आंतून बाहेर असा असतो: प्रथम कॅसल व जमिनीची कड, मग पडदा, शेवटीं बाहेरचा उंबरठा. मूळच्या कारखान्यांत दोन पत्रे यंत्राच्या चिमट्यांत धरून ठिपक्यांनीं सांधलेले असत. तें यंत्र घरगुती कारखान्यांत पोंचत नाहीं, म्हणून वरच्या पत्र्याला इंचाइंचाच्या अंतरानें सुमारें ६ मिलिमीटरचीं भोंकें पाडून तीं तारेच्या वेल्डिंगनें भरतात. खालचा पत्रा त्यांतूनच पकडला जातो. जेथें ठिगळ द्यावयाचें तेथें मात्र त्याची कड सर्व बाजूंनीं अखंड वेल्ड केली पाहिजे. पितळेचा डाग, रिव्हेट, लांबी किंवा कांचतंतूंचें कापड यांना भार वाहणाऱ्या पत्र्यांत थारा नाहीं. परीक्षकही तें मान्य करीत नाहीं. सांध्याच्या ज्या बाजू पुढें कधीं दिसणार नाहींत त्यांना जोडण्यापूर्वींच जस्ताचा रंग द्यावा. लांब रेघ एकदम ओढली तर पत्रा उष्णतेनें लाटेसारखा वळतो, म्हणून थोडें येथें, थोडें तिकडच्या टोकाला, मध्यें थंड होऊं देत, असें काम चालवावें. आणि प्रत्येक टप्प्याला दार टांगून पाहावें. प्रथम दोनचार टांके, मग दार; फट जुळली तर पुढें, न जुळली तर टांके तोडून पुन्हां. नव्या पत्र्याची किंमत फारशी नाहीं. पैसा जातो तो या दार टांगण्यांत आणि काढण्यांत, आणि जो कारागीर यासाठीं वेळ मागत नाहीं त्याच्यापासून सावध राहावें.

उंबरठे, जमीन आणि मागच्या पकडी असें सर्वच गेलें असेल, तर ठिगळांवर ठिगळें देण्यापेक्षां नवा देह घेणें कित्येकदां स्वस्त पडतें. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनें १९८८ सालीं मूळच्याच साच्यांवर एम. जी. बी. चे संपूर्ण नवे देह दाबून काढण्यास सुरुवात केली. त्यांत जुनें यंत्र, चाकें व बैठका बसवितां येतात. ती गाडी जुनीच म्हणावी कीं नवी, हा वाद हौशी मंडळींत अजून मिटलेला नाहीं; बसणाऱ्याच्या दृष्टीनें ती भरंवशाची असते एवढें खरें.

वेल्डिंग झाल्यावर सांध्यांत लवचिक लुकण भरून वरून रंग द्यावा. परंतु उंबरठ्याच्या पोकळीचें काय? तेथें ब्रश पोंचत नाहीं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनें आंतला रंग जळालेला असतो. यासाठीं पातळ केलेलें मेण लांब नळीच्या पिचकारीनें आंत उडवितात. तें सांध्यांत पाझरत जातें, सुकून कडक होत नाहीं, आणि ओलीला पत्र्यापर्यंत येऊं देत नाहीं. दिवस उन्हाचा निवडावा, मेण कोमट पाण्यांत ठेवून सैल करावें, आणि दाराच्या खांबांतील भोंकांतून व उंबरठ्याच्या टोकांकडून पिचकारी पूर्ण लांबीभर आंत घालून मागें ओढीत मारावी. गाडीखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरून ठेवावीं, कारण मेण दोन दिवस ठिबकत राहतें. तें ठिबकणें थांबलें कीं उंबरठ्याच्या तळांतलीं निचऱ्याचीं भोंकें तारेनें मोकळीं करावीं. तीं मेणानें बुजलीं तर आंत शिरलेलें पाणी पुन्हां तेथेंच सांचणार. दरवर्षीं हिंवाळ्यापूर्वीं हीं भोंकें तपासावीं, पुढच्या मडगार्डाच्या आंतला चिखल पाण्याच्या धारेनें धुवून काढावा, आणि तीन-चार वर्षांनीं मेणाचा आणखी एक हात द्यावा.